काळी एकमधला फोन

फोन वाजला की अब्बा हातातली कानस खाली ठेवत, फडक्याला बोटं पुसत आणि हसत. ते हसू मला सहन होत नसे. मी चहा घेऊन गेले की कपाळाला आठी, आणि फोनवरच्या परक्या बाईसाठी मात्र हसू.

‘‘नमस्कार गौसभाई, जेवण झालं का?’’ बाई विचारायची.

‘‘झालं की. तुमचं?’’

मग ती गुडघ्याच्या तेलाकडे वळायची. वीस मिनिटांनी दुसरा फोन, त्यात विमा. मग अजमेरची सहल, मग पाण्याचं यंत्र. दिवसाला चाळीसेक फोन येत. अब्बा विकत काहीच घेत नसत, पण ऐकून घेत. मी मध्ये काही बोलले की म्हणत, ‘‘हळू बोल जरा. आवाज केवढा खरखरीत झालाय तुझा.’’

माझा आवाज जन्मापासून असाच आहे. आधी त्यांना तो कधी टोचला नव्हता.

आम्ही मिरजेचे. आजोबा तंबोरे करायचे, अब्बाही तेच करतात. मी तहसीन जमादार. तंबोरा घडवायची मला परवानगी नाही, कारण मला दम धरवत नाही. मी हिशेब, पार्सलं, गिऱ्हाइकांची पत्रं असली कामं बघते. घरात आमची दखनी आणि मराठीची खिचडी चालते. इथे मराठीच ठेवते.

फोन बंद करा, नंबर बदला, असं सगळे सुचवत. त्यांना आमची चिठ्ठी माहीत नसते. प्रत्येक तंबोऱ्याच्या भोपळ्यात, आतल्या बाजूला, अब्बा एक कागद चिकटवतात. त्यावर नाव, साल आणि हा नंबर. तीस वर्षांत हजारांवर तंबोरे गेले, कुठे कुठे गेले तेही आता ठाऊक नाही. तार तुटली, भोपळा तडकला की माणूस आत वाकून बघतो आणि फोन करतो. तो नंबर बदलायचा तर हजार भोपळे फोडावे लागतील. म्हणून फोन वाजला की अब्बा उचलणार, आणि मी चडफडत बसणार.

मला वाटे, अब्बांचं वय झालं. तसं मी त्यांना तोंडावर म्हटलंही होतं. एकदा नव्हे, बऱ्याचदा.

मग वृंदाताई आपटे आल्या. सांगलीत गाणं शिकवतात, वीस वर्षांपासूनच्या गिऱ्हाईक. दोन महिन्यांपूर्वी नेलेला तंबोरा त्यांनी बैठकीवर ठेवला आणि चारही तारा छेडल्या.

‘‘सुरात आहे,’’ अब्बा म्हणाले.

‘‘सुरात आहे गौसभाई. पण बोलत नाही.’’

तंबोऱ्याची तार घोडीवर, म्हणजे तिला खालून उचलून धरणाऱ्या ठोकळ्यावर, नुसती टेकत नाही, तिला घासत राहते. घोडीच्या माथ्याला कानशीने केसभर उतार दिलेला असतो, आणि त्या घासण्यातून एका सुराचे दहा सूर फुटतात, झणझणत वर जातात. त्याला जवारी म्हणतात. जवारी स्वच्छ नसते, तिच्यात खरखर असते, आणि ती किती ठेवायची हे सांगणारं मोजमाप अजून कुणी काढलेलं नाही. ते कानाने ठरतं. अब्बांनी या तंबोऱ्याची सगळी खरखर घासून काढली होती. तो गुळगुळीत वाजत होता, एखाद्या दवाखान्यातल्या घंटेसारखा.

‘‘मला तर गोड लागालंय,’’ अब्बा म्हणाले. पण त्यांचा चेहरा उतरला होता. त्या वर्षात परत आलेला हा पाचवा तंबोरा होता.

तेवढ्यात फोन वाजला. अब्बा फोन स्पीकरवरच घेत, हात कायम भरलेले म्हणून. ‘‘नमस्कार गौसभाई, जेवण झालं का?’’ वृंदाताईंनी मान तिरकी केली. कारखान्यात त्या वेळी अब्बांचा नेहमीचा तंबोरा काळी एकला लावलेला होता; काम करताना सूर कानात राहावा म्हणून तो सतत वाजता लागतो. काळी एक म्हणजे पेटीची पहिली काळी पट्टी, पुरुषांची नेहमीची पट्टी. पोऱ्या ठेवायची ऐपत नसल्याने तारा छेडत मीच बसले होते. फोन संपल्यावर वृंदाताईंनी माझ्या हातातला तंबोरा घेतला आणि आपला काळी चारमधला माझ्या मांडीवर ठेवला.

‘‘आता हा छेडत बस.’’

वीस मिनिटांनी पुन्हा फोन आला. तीच बाई, तेच जेवण. फक्त आवाज वर चढलेला.

‘‘गौसभाई,’’ वृंदाताई म्हणाल्या, ‘‘मघाशी ही बाई तुमच्या पट्टीत बोलत होती. आता माझ्या पट्टीत कशी आली?’’

अब्बा म्हणाले, ‘‘गाणारी असंल.’’ पण त्यांनी फोन खाली ठेवला तो जरा लांब.

मी त्या दिवसापासून हात धुऊन त्या बाईच्या मागे लागले. मिळेल ते वाचलं, कॉल सेंटरमध्ये काम केलेल्या मैत्रिणीचं डोकं खाल्लं. झालं होतं ते असं. बोलण्यालाही सूर असतो. वाक्य संपताना आवाज जिथे येऊन टेकतो, ती त्याची बैठक. आणि प्रत्येक खोलीतही एक सूर सतत वाजत असतो: पंखा, फ्रीज, विजेची घरघर. आपल्याला तो ऐकू येत नाही, पण कान तो धरून असतो. नव्या यंत्रांना ही गोष्ट कळली होती. आपण ‘हॅलो’ म्हणतो तेवढ्यात ती मागची घरघर ऐकतात आणि आपल्या आवाजाची बैठक तिच्याशी जुळवतात, जसा गवई तंबोऱ्याशी जुळवतो. मग तो आवाज आपलासा वाटतो, ठेवून द्यावासा वाटत नाही. पंखा हळू झाला तर यंत्रही बोलता बोलता खाली येतं. लोकांच्या घरी ते पंख्याला जुळत होतं. आमच्याकडे तंबोऱ्याला.

दिवसाला चाळीस वेळा, वर्षभर, अब्बांच्या कानात तंबोऱ्याशी बिनचूक जुळलेला, खरखर नसलेला माणसाचा आवाज पडत होता. त्यांचा कान हळूहळू तिकडे कलला. कानामागोमाग त्यांची कानसही तिकडेच वळली. आणि माझा आवाज त्यांना टोचायला लागला. त्यांचा कान गेला तर आमचं काय राहणार होतं? हात थरथरणारा तंबोरेवाला चालतो. कान गेलेला चालत नाही.

कायदा आमच्या बाजूने होता. यंत्राच्या फोनांचा नवा कायदा येऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. यंत्राने कुणालाही फोन करायचा तर त्या माणसाने स्वतः आधी संमती दिलेली असली पाहिजे. फोन उचलल्यावर पहिल्याच वाक्यात ‘मी यंत्र बोलत आहे’ असं सांगितलं पाहिजे. संमती होती हे कंपनीने दाखवायचं, नव्हती हे ग्राहकाने नव्हे. दाद मागायला ग्राहक आयोग, आणि तिथे वकील न घेता आपण आपलं म्हणणं मांडू शकतो. मला कुणाशी तरी भांडायचंच होतं.

फोन करणारी कंपनी होती मधुवाणी. मी आधी तिला लेखी कळवलं. उत्तर आलं नाही, फोन मात्र आले. मग आयोगाकडे तक्रार केली. अब्बांचं प्रतिज्ञापत्र मीच टाइप केलं. त्यात एक वाक्य त्यांनी मला आवर्जून घालायला लावलं: ‘मी कोणालाही, कधीही, अशा फोनसाठी जबान दिलेली नाही.’

‘‘संमती लिहू का?’’ मी विचारलं होतं.

‘‘जबान लिही. मी जबान मोडत न्हाई, आणि दिली नसंल तर दिली म्हणत न्हाई.’’

सुनावणीच्या दहा दिवस आधी मधुवाणीचं उत्तर आलं. पाकीट मीच फोडलं. पहिलं म्हणणं, फोन यंत्राचे नाहीत, आमच्या मुली बोलतात. दुसरं म्हणणं, यंत्राचे आहेत असं धरलं तरी तक्रारदाराची संमती आहे. सोबत एक पान जोडलं होतं. संमती देणारा गौस बाबासाहेब जमादार, अंगठ्याने पडताळलेली. तारीख दीड वर्षापूर्वीची.

ती तारीख मला पाठ होती. त्या दिवशी मी आमचे तंबोरे ऑनलाइन बाजारात चढवले होते. अब्बांना न विचारता, कारण विचारलं असतं तर आठ दिवस विचार करत बसले असते. त्यांच्याच फोनवरून चढवले, नंबर तोच हवा म्हणून. चौकटीमागून चौकटी आल्या आणि मी न वाचता मान्य, मान्य, मान्य करत गेले. त्यातल्याच एकीत या फोनांची संमती होती. शेवटी अंगठा मागितला.

अब्बांचा अंगठा फोनला ओळखू येत नाही. चाळीस वर्षं कानस आणि तार हाताळून त्यांच्या बोटांवरच्या रेषा पुसल्यात. रेशनला, बँकेत, सगळीकडे त्यांचा हा घोळ होतो. म्हणून फोन घेतला तेव्हाच त्यात माझा अंगठा टाकला होता. यंत्राच्या लेखी गौस जमादार म्हणजे माझा अंगठा.

त्या बाईला घरात मीच घेतलं होतं, आणि वर्षभर अब्बांना म्हणत होते, तुमचं वय झालंय.

मी ते पान तारांच्या खणात, पितळी तारेच्या वेटोळ्यांखाली ठेवलं. बाकीचं उत्तर अब्बांना वाचून दाखवलं. मला वाटलं, यंत्र हे यंत्र आहे एवढं सिद्ध केलं की झालं, दुसऱ्या मुद्द्यापर्यंत गाडी जाणारच नाही. असं मला खरंच वाटलं की वाटून घेतलं, कोण जाणे. दहा दिवस मला एका जागी बसवत नव्हतं. पार्सलावर चुकीचे पत्ते घातले, दूध उतू घालवलं. अब्बा म्हणाले, ‘‘भिऊ नको. खरं आहे ते खरं आहे.’’ तेव्हा तर मला तिथून उठून जावंसं वाटलं.

सांगलीला आम्ही रिक्षाने गेलो, तंबोरा दोघांच्या मध्ये उभा धरून. वृंदाताई साक्षीला आल्या होत्या. आयोगाच्या अध्यक्षा कोळेकरबाई, चष्मा कपाळावर ठेवून बोलणाऱ्या. मधुवाणीचे वकील नेर्लेकर अगदी सभ्य माणूस. त्यांनी अब्बांना नमस्कारसुद्धा केला.

‘‘यंत्र आहे हे तुम्ही कसं ओळखता?’’ कोळेकरबाईंनी विचारलं.

‘‘थांबा पाच मिन्टं,’’ अब्बा म्हणाले. ‘‘येईलच फोन.’’

बाईंनी फोन चालू ठेवायला परवानगी दिली. अब्बा खाली सतरंजीवर बसले, तंबोरा मांडीवर घेतला, काळी एकला लावला आणि छेडू लागले. बाहेरच्या व्हरांड्यातली माणसं दारात येऊन उभी राहिली. अकरा मिनिटांनी फोन वाजला. मी तो उघडून टेबलावर ठेवला.

‘‘नमस्कार गौसभाई, जेवण झालं का?’’

‘‘अजून न्हाई. तुम्ही बोला, मी ऐकालोय.’’

ती गुडघ्यांविषयी बोलू लागली. अब्बांनी एका हाताने तारा छेडत दुसऱ्या हाताने खुंटी हळूच सैल केली. तार उतरली. बाई गुडघ्यावरून सांध्यावर आली आणि तिचा आवाजही उतरला. अब्बांनी खुंटी पिळली, बाई चढली. मग त्यांनी तार अशा जागी नेऊन ठेवली की तो सूर कुठल्याच पट्टीतला नव्हता, कानाला नुसता त्रास. बाई तिथेही जाऊन बसली आणि त्याच प्रेमाने म्हणाली, ‘‘पहिली बाटली आमच्याकडून भेट.’’

दारातलं कुणीतरी हसलं. शिपायानेही तोंड फिरवलं.

‘‘माणूस बेसूर तंबोऱ्याला लागत न्हाई, बाई,’’ अब्बा कोळेकरबाईंना म्हणाले. ‘‘गाणारा असू दे नायतर न गाणारा. त्याला कसंतरी होतं, तो थांबतो. हिला काही होत न्हाई.’’

कोळेकरबाईंनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि बराच वेळ लिहिलं. मला वाटलं, जिंकलो. मग नेर्लेकर उठले.

‘‘यंत्राचा मुद्दा मी ताणत नाही. पण संमती आहे. आमच्या उत्तराला जोडलेलं पान तक्रारदारांनी पाहिलंच असेल.’’

अब्बांनी माझ्याकडे पाहिलं. ‘‘कुठलं पान?’’

शिपायाने ते त्यांच्या हातात दिलं. अब्बा सावकाश वाचतात, ओठ हलवत. मी त्यांचे ओठ बघत होते. ‘अंगठ्याने पडताळलेली’ इथे ते थांबले. त्यांनी आपला अंगठा वर करून पाहिला, गुळगुळीत, पॉलिशने पिवळा पडलेला. मग माझ्याकडे पाहिलं.

त्यांना कळलं. मी ओळखते त्यांना.

‘‘जमादारसाहेब,’’ कोळेकरबाई म्हणाल्या, ‘‘तुम्ही प्रतिज्ञेवर लिहिलंय की जबान दिली नाही. मग हा अंगठा तुमचा का?’’

अब्बांनी ‘माझा नाही’ म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न ‘मग कुणाचा’ हा आला असता. ‘माझा’ म्हणणं खोटं होतं, आणि खोटं त्यांच्या तोंडून निघत नाही. म्हणून ते पान हातात धरून नुसते बसून राहिले. साठीचा माणूस, मांडीवर तंबोरा, आणि भरल्या खोलीत सगळे त्याला खोटारडा समजत असताना माझ्याकडे बोट दाखवत नव्हता.

‘‘उत्तर द्यावं लागेल,’’ बाई म्हणाल्या. ‘‘नाहीतर संमती होती असं धरावं लागेल.’’

मी उभी राहिले. माझा आवाज नेहमीपेक्षाही खरखरीत निघाला.

‘‘अंगठा माझा आहे. मी यांची मुलगी. यांच्या फोनवर, यांना न विचारता, न वाचता मी मान्य केलं. दहा दिवसांपूर्वी हे पान आलं तेव्हा मला कळलं, आणि मी ते यांच्यापासून लपवलं. अब्बांनी कुणाला जबान दिलेली नाही. माफ करा, अब्बा.’’

नेर्लेकर म्हणाले की हे आत्ता सुचलेलं असू शकतं. तेव्हा बाईंनी फोन मागवला. अब्बांनी अंगठा टेकवला. फोनने ओळखलं नाही. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदाही नाही. मी टेकवला आणि तो लगेच उघडला. शिपाई पुन्हा तोंड फिरवून उभा राहिला, पण या वेळी हसत नव्हता.

निकाल तीन आठवड्यांनी आला. दुसऱ्याच्या हाताने दिलेली संमती ही संमती नव्हे, मग तो हात पोटच्या पोरीचा का असेना. फोनवर कुणाचा अंगठा आहे एवढ्याने कंपनीची जबाबदारी संपत नाही. फोन तत्काळ बंद करावेत. आणि यंत्राने आपण यंत्र आहोत हे लपवल्याबद्दल दंड.

फोन थांबले. कारखान्यात इतकी शांतता झाली की मला चैन पडेना. अब्बा माझ्याशी बोलत होते, पण कामापुरतं. मीठ दे. पार्सल गेलं का. त्या दिवसाचा विषय त्यांनी काढला नाही, मीही काढला नाही. आयोगात भरल्या खोलीत माफ करा म्हणाले होते. घरात, दोघंच असताना, मी नुसतं मीठ पुढे सरकवायचे.

निकालासोबत एक अर्ज आला होता, पुढे कुठले फोन चालतील ते भरायचा. मी शेजारी बसून एकेक ओळ वाचली, अब्बा नाही, नाही म्हणत गेले. शेवटची ओळ होती: आपल्या वतीने संमती देण्याचा अधिकार कोणाला द्यायचा आहे का. मी पेन धरून थांबले. आमच्या घरात दोघंच.

‘‘रिकामं ठेव,’’ अब्बा म्हणाले.

मी ते रिकामं ठेवलं. सही त्यांनी पेनने केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी वृंदाताईंचा तंबोरा काढला. जुनी घोडी उतरवली, नवी बसवली. तार छेडली, कानस फिरवली, पुन्हा छेडली. तासभर हेच. मग कानस बाजूला टाकली.

‘‘न्हाई ऐकू येत,’’ म्हणाले. ‘‘अजून तीच बसलीय कानात. सगळं गोड लागालंय.’’

मी दारात होते, चहा घेऊन. अब्बांनी समोरच्या पाटाकडे हात केला. ‘‘बस इथं. बोल.’’

‘‘काय बोलू?’’

‘‘काहीबी. तुझा आवाज पायजे मला. खरखरीत आहे तसाच.’’

आयुष्यभर मला गप्प बसवावं लागलं, आणि त्या वेळी काही सुचेना. अब्बा कानस हातात घेऊन, डोळे मिटून वाट बघत होते. शेवटी एकच गोष्ट उरली होती.

‘‘माफ करा, अब्बा.’’

त्यांनी तार छेडली. मान हलवली. घोडीवरून एकदा कानस फिरवली, अगदी हलकी.

‘‘पुन्हा म्हण.’’

‘‘माफ करा, अब्बा.’’

तार, मग कानस. ‘‘पुन्हा.’’

किती वेळा म्हणाले ते मोजलं नाही. आवाज आधी कोरडा होता, मग फुटला, मग रडू आलं आणि तशीच म्हणत राहिले. अब्बांनी डोळे उघडले नाहीत. प्रत्येक वेळी ते ऐकत, तार छेडत, केसभर घासत. चहावर साय धरली. आणि मग एकदा त्यांनी तार छेडली तेव्हा ती नुसती वाजून थांबली नाही. झणझणली, फुटली, वर चढत गेली आणि सगळ्या कारखान्यात भरून राहिली. भिंतीवरच्या बिनकामाच्या तारासुद्धा हलल्या.

अब्बांनी कानस खाली ठेवली. फडक्याला बोटं पुसली.

‘‘आला,’’ म्हणाले. ‘‘चहा गार झाला. दुसरा ठेव, आणि तुझाबी घेऊन ये.’’